खाडीत टाकलेलं पाकीट

शीतलने चहाचा कप बापासमोर ठेवला, आणि तो नेहमीसारखा थंड व्हायला लागला.

धम्मपालने कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. साय धरेपर्यंत कप तसाच राहायचा, मग त्याची बायको माधुरी तो उचलून मोरीत ओतायची आणि आपल्या हातचा दुसरा कप त्याच्यापुढे आणून ठेवायची. हा दुसरा कप मात्र तो प्यायचा, बशीत ओतून, फुर्र करत. मालाडच्या मालवणीतल्या त्या दोन खोल्यांत हा रिवाज इतका मुरला होता की त्यात कुणाला काही वावगंही वाटेनासं झालं होतं. शीतलच्या हातचा जेवढा चहा आजवर त्या मोरीतून वाहून गेला, तेवढ्यात पवईचा तलाव काठोकाठ भरून वाहिला असता, आणि तिथल्या मगरींच्या झोपा उडाल्या असत्या त्या वेगळ्याच.

पण आज कप ठेवून शीतल आत गेली नाही. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ड्युटीचे पांढरे कपडे, केसांना घट्ट जाळी... दारातच उभी राहून ती म्हणाली, "रविवारी मी हॉस्टेलला चाललेय. परीक्षा झाली की तिथूनच नोकरी बघीन. परत येणार नाही."

"परत येनार नाई म्हंजे?" कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या सोनूबाईचे हात थांबले. धम्मपालची आई ती. वाशीम सोडून मुंबईला येऊन तिला एक जन्म झाला होता, पण बोलणं अजून तिकडचंच. "जयंतीलेबी नाई येनार?"

"जयंतीला तिथेही मिरवणूक असते, आजी."

"धम्मा, काई बोल ना बाप्पा. पोरगी घर सोडून चालली."

धम्मपालने चपला पायात सरकवल्या. "मोठी झाली ती. तिचं तिने बघावं."

"पप्पांना काही बोलायचं असेल," शीतल त्याच्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाला सांगितल्यासारखी म्हणाली, "तर रविवारपर्यंत मी आहे."

तो बाहेर पडला. काळजात काहीतरी लक्कन हललं होतं, पण त्याने ते तिथल्या तिथे दाबून टाकलं. या कामात त्याचा हात चांगला बसला होता.

आता धम्मपालच्या मते त्या घरात सोसणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः धम्मपाल. आपल्या सोसण्याचा एक पुतळाच त्याने मनात उभा केला होता, आणि रोज सकाळी तो त्याला मनोमन हार घालायचा. त्या पुतळ्याची हकीकत अशी.

धम्मपाल लाइटमन. मढच्या बंगल्यांत शूटिंग असलं की भलेमोठे दिवे खांद्यावर घेऊन जिने चढायचे, गच्चीवर लावायचे आणि नट-नट्यांच्या तोंडावर चांदणं पाडायचं, हा त्याचा धंदा. एकदा म्हणे त्याने दोन दिवे दोन खांद्यांवर आणि तिसरा दातात धरून नेला होता... निदान त्याचा दोस्त खंडू तरी तसं सांगायचा. खंडूही लाइटमनच, राहायला शेजारच्याच दाराला.

माधुरी लग्न होऊन आली ती चाफ्याच्या फांदीसारखी. पण पहिल्या बाळंतपणात, म्हणजे आता नोकरीपायी बाहेरगावी असलेल्या थोरल्या प्रबुद्धच्या वेळी, तिचा श्वास असा काही अडकला की डॉक्टरीणबाईंनी धम्मपालला बाजूला घेतलं. हृदयाची झडप अधू आहे, म्हणाल्या. दुसरं मूल नको, जिवावर बेतेल. तिचं ऑपरेशनही जोखमीचं. तुम्हीच का करून घेत नाही? पुरुषांचं अगदी किरकोळ असतं, टाकासुद्धा लागत नाही.

त्या रात्रभर धम्मपाल माधुरीच्या निळसर पडलेल्या नखांकडे बघत बसला होता. त्याचं तिच्यावर अतोनात प्रेम होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी नासाडी त्या प्रेमानेच केली.

करायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही. सोनूबाईचं मत जगजाहीर होतं: नस कापलेला गडी बैल होतो, त्याच्याने घागरसुद्धा उचलवत नाही. लाइटमनांच्या अड्ड्यावर कळलं असतं तर जन्मभर टाळ्या पिटल्या असत्या. आणि माधुरीला सांगितलं तर ती रडून घर डोक्यावर घेईल, माझ्यापायी तुम्ही कापून घेता म्हणून. तेव्हा मढला आउटडोअर आहे, चार दिवस मुक्काम, असं घरी सांगून आणि "घराकडे बघ रे" असं खंडूला बजावून धम्मपाल गेला तो थेट अंधेरीच्या नसबंदी शिबिरात. तिथे ओळखीचं कोण भेटणार?

ऑपरेशन झालं. मुंगी चावावी इतकंच दुखलं. मग बाकावर बसवून एका पोक्त सिस्टरने त्याच्या हातात निरोधचं एक भलं जाडजूड पाकीट ठेवलं आणि ती म्हणाली, "आता नीट ऐका हं, भाऊ..." तेवढ्यात दारातून कोण यावं? मालवणीचा नंदू. पायाला खिळा लागला म्हणून इंजेक्शन घ्यायला तो आला होता आणि चुकून या दारात शिरला होता. या नंदूच्या कानात शिरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बोरिवलीपलीकडे पोचायची. धम्मपालने तोंडावर रुमाल ओढला, सिस्टरचं वाक्य तिच्या तोंडातच सोडलं, आणि फेंगड्या पायांनी तो मागच्या दाराने पसार झाला.

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत पँटच्या खिशात ते पाकीट टोचायला लागलं. घरी सापडलं तर काय सांगणार? आणि ठेवायचं तरी कशाला? दार भिंत घालून बुजवलं, आता वर कुलूप कशाला लावायचं, असा सरळ हिशेब करून, सरकारच्या उधळपट्टीला हसत, त्याने ते पाकीट खाडीत सोडून दिलं. एका बंद बंगल्याच्या ओसरीत त्याने उरलेले दिवस पाठीवर पडून काढले आणि तो घरी आला... बायकोला मरणाच्या दारातून परत आणलेला, कुणाला काही न सांगणारा, मनातल्या मनात ढसाढसा रडणारा महापुरुष.

दोन महिने झाले नाहीत तोच माधुरी म्हणाली, "अहो... मला दिवस गेलेत वाटतं."

दिव्याचा फ्यूज उडावा तसा धम्मपाल आतून विझला.

तो ओरडला नाही, हात उचलला नाही. विचारायचं म्हटलं तर आधी नसबंदीचं सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की उत्तर ऐकावं लागलं असतं. माधुरी चारदा म्हणाली, डॉक्टरीणबाई पिशवी मोकळी करू म्हणतात, तुम्ही काय म्हणता? आणि चारही वेळा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुझं तू बघ." बाळंतपणात रक्त कमी पडलं तेव्हा धावत जाऊन खंडूने दिलं. धम्मपाल हॉस्पिटलकडे फिरकलाच नाही. खंडूने रक्त दिलं हे कळताच त्याने मनाशी मान हलवली, आणि त्या दिवसापासून शेजारच्या दाराशी बोलणं बंद केलं. बिचाऱ्या खंडूने पुष्कळ विचारलं, "धम्मा, काय चुकलं रे माझं?" शेवटी तोही कंटाळून गावाकडे गेला, आणि दोन वर्षांमागे तिकडेच वारला. धम्मपाल मातीलाही गेला नाही.

शीतलला त्याने कधी मांडीवर घेतलं नाही. पण शाळेत घातलं, दवापाणी केलं, आपलं नाव लावू दिलं. दुसऱ्याचं पाप मुकाट सांभाळणारा असा दुसरा पुरुष उभ्या मालाडात नसेल, असं म्हणत तो पुतळ्याला रोज ताजा हार घालत राहिला.

तर घरी शीतलने रविवारचं सांगितलं तो बुधवार होता. शनिवारी सकाळी धम्मपालच्या बहिणीचा मुलगा निलेश येऊन बसला. निलेशला दोन मुलं झाली होती, आणि बायकोने त्याला बजावलं होतं, आता ऑपरेशनची पाळी तुझी.

"मामा, चल ना माझ्यासोबत. एकट्याने जायला फाटतेय यार."

"मी कशाला?"

"तू नुसता शेजारी बस. मी पळायला लागलो तर पकड."

गेले दोघं पालिकेच्या एका हॉस्पिटलात. आतल्या खोलीत बाकांवर दहा-बारा पुरुष मांड्या आवळून बसले होते: एक रिक्षावाला, एक वॉचमन, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारा एक तगडा गडी. भिंतीवर पुरुषाच्या आतल्या अवयवांचा रंगीत तक्ता होता, आणि सगळ्यांचं लक्ष तो तक्ता सोडून पंख्यावर होतं. धम्मपाल मागच्या बाकावर टेकला. इतक्यात बाजूच्या दाराने हातात लाकडी पट्टी घेऊन एक शिकाऊ नर्स आली आणि तक्त्यासमोर उभी राहिली.

शीतल.

तिने बापाला पाहिलं. क्षणभर पट्टी हवेतच थांबली. मग तिने घसा साफ केला, आणि ड्युटीवरच्या माणसाचा जो एकच आवाज असतो त्या आवाजात ती बोलू लागली.

"नमस्कार. हे अंडकोष. शुक्राणू इथे तयार होतात. इथून या दोन बारीक नळ्यांमधून वर जातात आणि वीर्यात मिसळतात. डॉक्टर फक्त या नळ्या कापून बांधतात. बाकी कशाला हात लावत नाहीत... दादा, हात बाजूला घ्या, आत्ता कोणी काही कापत नाहीये."

ट्रम्पेटवाला ओशाळून हसला. खोली जरा सैल झाली.

"ताकद जाते म्हणतात, सिस्टर," वॉचमन म्हणाला.

"ताकद त्या नळीत नसतेच, काका. इच्छा तीच, ताकद तीच, पाणीही दिसायला तेच. आठवडाभर जड उचलू नका. मग गोणी उचला नाहीतर बायकोला उचला."

धम्मपालला जमीन दुभंगावीशी वाटत होती. ज्या पोरीशी आपण धड दोन शब्द बोललो नाही, ती भर खोलीत हे असलं बोलतेय... तो उठायला लागला. निलेशने त्याचा शर्ट धरला. "मामा, पळणार मी होतो ना?"

"आता नीट ऐका," शीतल म्हणाली, आणि कितीतरी वर्षांपूर्वीची ती पोक्त सिस्टर जणू आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायला तिच्या तोंडून परत बोलायला लागली. "इथेच सगळे उठून पळतात. ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळे, असं नाही. आपल्याकडे पालिका वरून पाणी बंद करते, तरी नळ सोडला की पाइपात साचलेलं थोडं पाणी येतंच ना? तसंच हे. वरच्या नळीत आधीचे शुक्राणू राहिलेले असतात. म्हणून हे निरोधचं पाकीट. तीन महिने वापरायचं, मग इथे येऊन वीर्य तपासून घ्यायचं. रिपोर्टमध्ये काही उरलेलं नाही असं आलं, की मोकळे."

"आणि मधल्या काळात बायकोला दिवस गेले तर?" रिक्षावाल्याने विचारलं.

"तर तिच्याकडे डोळे वटारून बघायच्या आधी आपण तपासणी केली होती का ते आठवायचं. ते पोर तुमचंच असतं, दादा. तुमच्याच घाईचं."

सगळे हसले. धम्मपालच्या कानात मात्र एकच गदारोळ उठला. खाडीत सोडलेलं ते पाकीट इतकी वर्षं मढच्या किल्ल्याला वळसे घालत, भरती-ओहोटी अंगावर घेत पोहत आलं होतं, आणि आत्ता या क्षणी ओलंचिंब त्याच्या मांडीवर येऊन पडलं होतं. तक्ता फिरायला लागला. पुतळ्याचं डोकं धडापासून सुटून घरंगळत गेलं.

"सिस्टर, मामाला चक्कर आलीय," निलेश म्हणाला. "ऑपरेशन माझं आहे, आणि चक्कर ह्याला."

शीतल पाण्याचा ग्लास घेऊन आली. "घ्या," ती म्हणाली.

धम्मपालने दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि गटागटा पाणी प्यायलं. शेवटचा थेंबही ठेवला नाही. शीतल त्या रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ... मग ती पुढच्या बाकाकडे वळली.

संध्याकाळी माधुरी शीतलचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. दोन घड्या घातल्या की थांबून श्वास घ्यायची. दुसऱ्या बाळंतपणापासून तिची ती खोडच झाली होती. झडपेचं ऑपरेशन झालं, पण गेलेला दम काही परत आला नाही.

धम्मपाल तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. शिबिर, रुमाल, बोट, पाकीट. मग दोन महिन्यांनंतरचं. सांगताना तो दोनदा रडला. त्याला वाटलं होतं, तीही रडेल. ती रडली नाही.

"कोणावर होता संशय?" तिने विचारलं.

"माधुरी..."

"नाव घ्या."

"खंडू."

तिने हातातला ओढणीचा बोळा सोडला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "त्याचं रक्त आहे माझ्या अंगात. भाऊ मानत होते मी त्याला. जाताना दारात उभा राहून मला म्हणाला होता, ताई, धम्माची काळजी घे, त्याला काहीतरी आतून खातंय." तिचा आवाज थरथरला नाही, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "मला वाटायचं, मी आजारी, रया गेलेली, म्हणून तुम्हाला नको झाले. नाहीतर मुलगी झाली म्हणून. इतकी वर्षं मी आरशात बघून कारणं शोधत होते."

"मी तुझा जीव वाचवायला गेलो होतो गं."

"हो ना. आणि डॉक्टरीणबाई पिशवी मोकळी करू म्हणाल्या, तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मला वाटलं, तुम्हाला मूल हवंय, पण मी मरेन म्हणून तोंडाने मागता येत नाहीये. म्हणून ठेवली मी ही पोर. तुमच्यासाठी. मरायची तयारी करून ठेवली." तिने बॅगेची चेन ओढली. "एकदा विचारायचं होतंत. शिवी देऊन विचारलं असतंत तरी चाललं असतं."

"मला माफ..."

"आत्ता नाही. आत्ता मला पोरीची बॅग भरायचीय."

दारात शीतल उभी होती. कधी आली, किती ऐकलं, कुणास ठाऊक. तिच्यामागे सोनूबाई, तोंडावर पदर धरून. म्हातारीला एवढंच उमगलं होतं की तिचा पोरगा नस कापलेला आहे, आणि गेली कितीतरी वर्षं तिसरा दिवा दातात धरण्याच्या गप्पा ती ज्याच्याबद्दल अभिमानाने सांगत आली तो हाच. "आन मीच म्हनत व्हती, बैल व्हते म्हनून..." ती पुटपुटली. "माह्या तोंडापायी लपवलं यानं. माह्या भेवानं."

"सांगा तिला," माधुरी म्हणाली. "मी सांगणार नाही."

धम्मपाल सांगू लागला. नसबंदी, पाकीट एवढंच बोलून झालं असेल, शीतलने हात वर केला. ती त्या विषयातली होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

"म्हणजे तुम्ही ते पाकीट फेकलं नसतं, तर मी झालेच नसते."

तिने केसांची जाळी ओढून काढली.

"आणि नंतर एकदा परत जाऊन सिस्टरचं पुढचं वाक्य ऐकलं असतं, तर मला बाप मिळाला असता."

मग ती रडली. लहान मुलगी रडते तशी, तोंड उघडं ठेवून, आणि धम्मपालला तिला जवळ कसं घ्यायचं ते माहीत नव्हतं. त्याचे हात दिवे उचलायला शिकलेले. तो गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या पावलांवर डोकं ठेवायला वाकला. तिने त्याला खांद्याला धरून थांबवलं.

"नको, पप्पा. नको असलं काही. सकाळी चहा प्या. बस."

रविवारी सकाळी तिने कप ठेवला. धम्मपालने बशीत न ओतताच तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते चहाचं म्हणून खपून गेलं. त्याने दुसरा कप मागितला. तो झाल्यावर तिसरा. सोनूबाई म्हणाली, "पोट फुटन ना बाप्पा." शीतल हसली, पण बॅग तिने उचललीच. "राहीन म्हणत नाही मी," ती म्हणाली. "पण येत जाईन. आधी आईचं बघा."

बॅग त्याने खांद्यावर घेतली, मोठा दिवा घ्यावा तशी, आणि रिक्षापर्यंत नेली. रिक्षा वळेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

घरी आला तेव्हा माधुरी खिडकीशी बसली होती. स्वयंपाक झाला होता, झाकून ठेवला होता. चहा नव्हता.

"माझा चहा?" त्याने सवयीने विचारलं.

"ज्याचा त्याने करून घ्यावा."

आयुष्यात पहिल्यांदा धम्मपालने गॅस पेटवला. आलं ठेचलं, साखर जास्त टाकली, दूध उतू घालवलं. दोन कप भरले. एक माधुरीसमोर ठेवला आणि तो समोरच बसला.

तिने कपाकडे पाहिलं नाही. वाफ निवली. वर साय धरली. बऱ्याच वेळाने धम्मपालने कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता त्या घरात हाच रिवाज आहे.

रोज शीतलचा फोन येतो. 'तुम्ही'वरून ती कधीतरी 'तू'वर आलीय. "पप्पा, प्यायली का आई आज?"

"नाही गं."

"बरं. उद्या परत ठेव. आणि साखर कमी टाक."